विमानाच्या नाकाखालचा पाळणा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. एवढ्या काळात मी जे काही लिहिलं ते शिकाऊंच्या रजिस्टरमध्ये, लाल शाईने, आणि फक्त दुसऱ्यांच्या चुका. आता जे काम हाती घेतलंय त्यात चुका करायला दुसरा कोणी नाही, म्हणून वही वेगळी केली.

काम असं आहे. माझ्याकडे रिमोटवर उडणारं विमान आहे. साठी झाल्यावर लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात, मी विमान घेतलं. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर उडवतो. पण गेले काही महिने ते दीडशे पावलांपलीकडे गेलं की आकाशात विरघळून जातं. रंगाचा दोष, दुसरं काय? बनवणाऱ्याने पांढरट राखाडी रंग देऊन ठेवला होता. मी स्वतः लालभडक रंग लावला. आता लालभडक विमान विरघळतं. हल्ली रंगात काही दम राहिला नाही.

तेव्हा उपाय एकच. खालून वर बघत बसण्यापेक्षा वरून खाली बघायचं. विमानाच्या नाकाखाली कॅमेरा लावायचा आणि त्याचं चित्र माझ्या डोळ्यांवरच्या मोठ्या चष्म्यात आणायचं. पण कॅमेरा नुसता नाकासमोर बघणारा नको. ड्रायव्हरला मान वळवता आली पाहिजे, हे मी एकतीस वर्षं घसा फोडून सांगतोय. मी मान डावीकडे वळवली की वर कॅमेरा डावीकडे वळेल, मी खाली बघितलं की तोही खाली बघेल. त्यासाठी कॅमेरा बसवायला एक फिरता पाळणा लागेल.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्याआधी एकदा डोळे दाखवून या."

"कोणाचे, विमानाचे?" मी म्हटलं. ही हसली नाही. विनोद कळायला वेळ लागतो काहींना.

(लायसन्सची मुदत ३१ मार्चला संपते. नव्यासाठी डोळे तपासल्याचा दाखला लागतो, तो नसेल तर स्कूलला कुलूप. त्याचा या कामाशी काही संबंध नाही. तारीख विसरू नये म्हणून लिहिली.)

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळण्याचं काम जिन्याखालच्या घड्याळवाल्याला दिलं. दुकान एवढंसं की आत तो, त्याचं टेबल आणि साठ-सत्तर घड्याळं, गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. रविवारी मैदानावर माझं विमान बघायला येणारा तोच एक, त्यामुळे त्याला थोडीफार समज आहे.

त्याने दोन बारक्या मोटरी एकावर एक बसवल्या. खालची पाळणा डावी-उजवीकडे फिरवते, वरची त्याची मान वर-खाली करते. विमानाची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये घड्याळांतले चार रबरी वायसर घातले. काम बरं केलंय. तोंडावर सांगितलं नाही, लोक शेफारतात.

९ फेब्रुवारी, रविवार

घरीच चाचणी घेतली. विमान जेवायच्या टेबलावर, मी चष्मा घालून खुर्चीत. मी हिच्याकडे बघितलं तर कॅमेऱ्याने फ्रिजकडे बघितलं. फ्रिजकडे बघितलं तर ही दिसली. घड्याळवाल्याने रिमोटमधली दिशा उलटी केली आणि डावं-उजवं जागेवर आलं.

पण चित्र! दुधात बुडवून काढल्यासारखं. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे नुसता एक पांढरा चौकोन. मी म्हटलं, "पाळणा हलतोय."

बघणाऱ्यांसाठी एक वेगळा छोटा पडदा आहे, तो घड्याळवाल्याच्या हातात होता. तो म्हणाला, "मास्तर, मला कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतायत. दूधवाल्याच्या खाडाखोडीसकट."

मी म्हटलं, "दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस तू. तुला लांबचं काय कळतंय?"

त्याने हिच्याकडे बघितलं. हिने कपाकडे बघितलं. पाळणा उघडून पुन्हा बसवायला सांगून मी विषय संपवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज नर्सबाईंचा धडा होता. ड्यूटी संपवून येतात, कामाला चोख आहेत, पण गाडीत बसल्या की हातपाय गारठतात. दवाखान्यामागच्या रस्त्यावर गाडी छान चालली होती. रस्ता रिकामा, ऊन समोरून. आणि बाईंनी मध्येच करकचून ब्रेक मारला. माझं डोकं काचेवर आपटायचं बाकी होतं.

"काय झालं?" मी ओरडलो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, समोर..." मी म्हटलं, "समोर काय? समोर रस्ता आहे! रस्ता असतो तो चालवायला असतो!" त्यांनी थोडं थांबून गाडी पुढे काढली.

रजिस्टरमध्ये लिहिलं: 'विनाकारण ब्रेक. परीक्षेला तयार नाही.' ही अख्खी बॅचच भित्री आली आहे. मागच्या वर्षापासून बघतोय, ज्याला त्याला ब्रेकवर नाचायची हौस. आमच्या वेळी असं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिलं उड्डाण. पाळण्याच्या वजनाने विमान नाकावर यायला लागलं, तेव्हा बॅटरी मागे सरकवली आणि तोल साधला. मग उडालं! आणि खरं सांगतो, पहिल्या मिनिटाला अंगावर काटा आला. मी मान वळवली आणि साठ मीटर वरून मैदान फिरलं. या वयात काहीतरी पहिल्यांदा होतंय, याचाच आनंद झाला.

मग चित्राकडे लक्ष गेलं. तेच दूध. शिवाय सूर्याकडे तोंड झालं की सगळं पांढरंफटक. वायसर बदलायला सांगितले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिला तिच्या बहिणीकडे सोडलं. गाडीत बसली की हिची कॉमेंट्री सुरू होते. वर्षभरात ही सवय फार वाढली आहे. "पुढे सायकल आहे हं." "लाल झाला." "डावीकडे आजोबा उभे आहेत." मी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय आणि मला रस्ता वाचून दाखवते! एक-दोनदा रागावलो. ही म्हणाली, "मला बोलायला आवडतं, बोलू द्या की." घरात तर दिवस-दिवस तोंड उघडत नाही.

परत येताना संध्याकाळ झाली. रस्त्यावरचे नवीन दिवे अगदीच हलके बसवलेत. प्रत्येक दिव्याभोवती एक रंगीत कडं दिसतं. तक्रार अर्ज करायला हवा.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजची गोष्ट लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे.

विमान वर असताना मी डावीकडे मान करून पाण्याची टाकी बघत होतो. टाकी समोर दिसली म्हणून वाटलं, विमान टाकीकडेच चाललंय. ते वळवायला गेलो. पण टाकीकडे कॅमेरा बघत होता, विमान सरळच चाललं होतं. मी वळवलं आणि ते थेट झाडात घुसलं.

घड्याळवाला झाडाखाली पोट धरून हसत होता. "मास्तर, बघताय एकीकडे, जाताय दुसरीकडे!" हे वाक्य मी दिवसातून तीनदा शिकाऊंना ऐकवतो. त्याने ते माझ्याकडूनच उचललंय, त्यामुळे रागावताही आलं नाही. पाळण्याला ओरखडासुद्धा नाही, पंख चिकटवावा लागेल. आता पाळण्यावर एक खूण करायला सांगितली आहे, कॅमेरा सरळ असला की चित्रात ती मधोमध दिसेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ही बाजारात गेली होती. घरात मी एकटाच. उगीचच उजवा डोळा झाकून कॅलेंडर बघितलं, मग डावा झाकून. उगीचच, असं लिहिलं ना? दोन्ही वेळा पांढरा चौकोन. मग जवळ गेलो. चार पावलांवर आलो तेव्हा तारखा दिसायला लागल्या.

थोडा वेळ खाली बसलो. मग लक्षात आलं की खोलीत दिवा लावलेला नव्हता. दिवा लावला. त्याने थोडा फरक पडला. कॅलेंडरची छपाईसुद्धा फिकीच आहे. पुढच्या वर्षी दुसरं आणायचं.

दिव्याचा बल्ब हिने कधीतरी बदललेला दिसतो. चांगला मोठा लावलाय. मला न सांगता.

५ मार्च, बुधवार

दाखला मिळाला! आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मीच वीस वर्षांपूर्वी गाडी शिकवली. मी आत गेलो तेव्हा ते फोनवर बोलत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने फॉर्म ओढला. "कसे आहात मास्तर, डोळे बरे ना?" मी म्हटलं, "तुमच्यासमोरच आहे." त्यांनी लिहिलं, 'दृष्टी उत्तम', आणि सही ठोकली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. त्याच्याकडे त्यांनीही बघितलं नाही आणि मीही नाही.

घरी येऊन हिला दाखवला. हिने तो दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला. "तुम्हाला वाचता येतंय का त्यात काय लिहिलंय ते?" असं विचारलं. हल्ली हिचं बोलणं तिरकस झालंय. घड्याळवाल्यालाही दाखला नेऊन दाखवला आणि सांगितलं, आता चित्र पुसट आलं तर दोष कोणाचा ते सरकारी कागदावर लेखी आहे. तो म्हणाला, "बरं. पाळणा पुन्हा उघडतो."

९ मार्च, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी गार हवा होती. ही पण आली होती, पांढरा स्वेटर घालून. विमान कुठे उतरवायचं ते कळावं म्हणून मी जमिनीवर दोन पांढरी फडकी अंथरतो. वीस मिनिटं उडवून खाली आणायला लागलो. खूण मधोमध, कॅमेरा सरळ, सगळं नियमाप्रमाणे. तेवढ्यात दिसलं की फडक्याजवळ कोणीतरी सिमेंटची गोणी टाकलीय.

"ती गोणी कोणी टाकली रे?" मी विचारलं.

"कुठली गोणी?" घड्याळवाला म्हणाला. आणि लगेच ओरडला, "मास्तर, वर घ्या! वर घ्या!"

मी घेतलं नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. ऐकू आलं होतं. पण मनात म्हटलं, हा पण त्या बॅचसारखाच, विनाकारण घाबरतो. गोणीच्या बाजूने विमान आरामात निघेल एवढी जागा होती. मग गोणी हलली.

वाऱ्याने फडक्याचा कोपरा उडत होता, त्यावर दगड ठेवायला ही गेली होती. विमान येताना दिसलं, पण हिला वाटलं कॅमेरा आहे, म्हणजे मी बघतोय. शेवटी तोंडासमोर हात धरला, त्या मनगटावर पंख बसला. हाड चिरलंय. सहा आठवडे प्लास्टर.

दवाखान्यात ही सगळ्यांना सांगत होती, "पाय घसरून पडले." नर्सबाईच ड्यूटीवर होत्या. त्यांनी प्लास्टरची तयारी केली, हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

पाळणा अर्धा अंश सरकला असणार. उद्या घड्याळवाल्याला धरतो.

१० मार्च, सोमवार

दुकानात गेलो तेव्हा पाळणा टेबलावर होता आणि त्याच्या शेजारी छोटा पडदा. मी तोंड उघडायच्या आत घड्याळवाला म्हणाला, "कॅमेऱ्यात कालचं सगळं आलंय. बघा." त्याने चालू केलं आणि एका जागी थांबवलं.

"काय दिसतं?"

"गोणी," मी म्हटलं. "तूच बघ ना!"

माझ्या मागे एक अनोळखी गिऱ्हाईक पट्टा बदलून घ्यायला उभं होतं. त्याने खांद्यावरून डोकावलं. "गोणी कुठे? बाई आहेत की. दोन्ही हात हलवतायत. ओरडतायत वाटतं काहीतरी." आणि पुढे अगदी सहज म्हणाला, "स्वेटरला निळी बटणं आहेत."

मी पडद्याला नाक लागेपर्यंत वाकलो. पांढरं काहीतरी होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर घड्याळवाला म्हणाला, "पाळणा पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, मास्तर. तुम्ही सांगितलंत म्हणून अकरा वेळा उघडला आणि होता तसाच परत लावला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. कॅलेंडरच्या दिवशी. तुम्ही म्हणालात, भिंगवाल्याला लांबचं काय कळतं." मग त्याने भिंग डोळ्यावर चढवलं आणि कोणाचं तरी घड्याळ उघडलं. मला वाटलं तो हसेल, पण हसला नाही.

११ मार्च, मंगळवार

दाखला खिशात घालून निघालो होतो. लायसन्सच्या कचेरीच्या दारापर्यंत गेलो. 'दृष्टी उत्तम.' तो दिला की पाच वर्षं कोणी विचारणार नाही. रांगेत माझ्यापुढे चारच माणसं होती. मला ती चार वाटली. पाचवं लहान मूल होतं, आईचा हात धरून उभं. ते माझ्या बुटावर उभं राहिलं तेव्हा कळलं.

रांगेतून बाहेर आलो. दाखल्याचे चार तुकडे केले आणि डोळ्यांच्या इस्पितळाची बस पकडली. गाडी तिथेच सोडली. बसचा नंबर कंडक्टरला विचारावा लागला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पार पिकलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

स्कूलच्या दाराला कुलूप लावलं. पाटी लिहिली, 'काही दिवस बंद'. कारण लिहिलं नाही.

१५ मार्च, शनिवार

डावा झाला. लिहायला मनाई आहे, म्हणून एवढंच. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा हिला बघितलं. किती म्हातारी झाली आहे ही! हे मोठ्याने बोललो. ही म्हणाली, "दोन वर्षांचं एकदम दिसतंय तुम्हाला, म्हणून." उजवा दोन आठवड्यांनी.

१९ एप्रिल, शनिवार

नवा दाखला मिळाला आणि त्यावर लायसन्सही नवं झालं. या वेळी तक्त्याची शेवटची ओळसुद्धा वाचायला लावली, मी ती उलटीही वाचून दाखवली. कोणी सांगितलं नव्हतं.

घड्याळवाल्याकडे जाऊन ते चित्र परत बघितलं. पाळण्यात काही दोष नाही. कॅमेरा स्थिर आहे, खूण मधोमध आहे. आणि ही आहे. तोंड पूर्ण उघडलेलं, हात वर, स्वेटरला निळी बटणं. पाच आहेत. घड्याळवाल्याने मला बसायला स्टूल दिलं. त्याच्या दुकानात स्टूल आहे हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी हिला गाडीत घेऊन बहिणीकडे गेलो. प्लास्टर मांडीवर ठेवून ही गप्प बसली होती. सायकल गेली, सिग्नल लाल झाला, डावीकडे कोणीतरी उभं होतं. ही एक अक्षर बोलली नाही. मला ते सहन होईना. म्हटलं, "बोल की काहीतरी."

"आता कशाला?" ही म्हणाली. "आता दिसतंय की तुम्हाला."

२१ एप्रिल, सोमवार

कुलूप काढलं. पहिल्या आल्या नर्सबाई. दवाखान्यामागच्या रस्त्यावर गाडी उत्तम चालवली. त्याच जागी पोचलो तेव्हा मी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"फेब्रुवारीत तुम्ही इथे ब्रेक मारला होता. का?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "सर, एक आजोबा मधोमध थांबले होते. त्यांची काठी पडली होती, ती उचलत होते. तुम्ही म्हणालात रस्ता रिकामा आहे. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही पास आहात, उद्याच फॉर्म भरा. त्या घरी गेल्यावर ऑफिसचं दार लावलं आणि रजिस्टर काढलं. एकतीस वर्षांची रजिस्टरं एकाच कपाटात आहेत. पहिल्या एकोणतीस वर्षांत 'विनाकारण ब्रेक' हा शेरा चार वेळा आहे. मागच्या दोन वर्षांत एकोणीस वेळा. सगळा लाल शाईत, माझ्याच अक्षरात, आणि एकाहून एक मोठा होत गेलेला.

प्रत्येक नावापुढे फोन नंबर आहे. उद्यापासून एकेकाला फोन करून विचारायचं आहे, त्या दिवशी समोर कोण होतं.